कर्नेल कॉन्फिगरेशन: आधी रूटपर्यंतची वाट शोधा

सिरीयल केबल लावलेली, टर्मिनलचा वेग १,१५,२०० बॉडवर ठेवलेला आणि पडद्यावर शेवटची ओळ ही: ‘कर्नेल पॅनिक – नॉट सिंकिंग: व्हीएफएस: अनेबल टू माउंट रूट एफएस ऑन अननोन-ब्लॉक(०,०)’. म्हणजे रूट फाइल सिस्टीम माउंट करता, वापरासाठी जोडता, आली नाही. एम्बेडेड बोर्डासाठी (उपकरणात बसणाऱ्या छोट्या संगणकासाठी) लिनक्स कर्नेल, म्हणजे ऑपरेटिंग सिस्टीमचा गाभा, स्वतः बांधायला घेतलेल्या जवळपास प्रत्येकाची या ओळीशी कधी ना कधी गाठ पडते. ती दिसली की बहुतेक जण पुन्हा कॉन्फिगरेशनच्या मेन्यूत शिरतात, अंदाजाने चार-पाच पर्याय चालू करतात आणि पुन्हा बिल्ड लावतात. त्याआधी कंसातल्या दोन आकड्यांकडे नीट बघायला हवं, कारण निम्मं निदान तिथेच लिहिलेलं असतं.

पहिला आकडा साधनाचा मेजर क्रमांक, दुसरा मायनर. शून्य-शून्य असेल तर ज्या साधनावर रूट फाइल सिस्टीम (सगळे प्रोग्राम आणि फाइली असलेली मुख्य फाइल सिस्टीम) आहे असं आपण सांगितलं, ते साधन कर्नेलला सापडलेलंच नाही. त्याचा ड्रायव्हर (ते साधन चालवणारा कोड) कर्नेलमध्ये नाही, किंवा आहे पण अजून जागा झालेला नाही. त्याजागी (१७९,२) असेल तर गोष्ट वेगळी. १७९ हा लिनक्समध्ये एसडी कार्ड आणि ईएमएमसी (बोर्डावरच बसवलेली फ्लॅश मेमरी) यांचा मेजर क्रमांक आहे आणि २ म्हणजे पहिल्या कार्डाचं दुसरं पार्टिशन. म्हणजे कार्ड सापडलं, पार्टिशनही सापडलं, पण त्यावरची फाइल सिस्टीम वाचता आली नाही. बहुतेक वेळा ईएक्सटी४ ही लिनक्सची नेहमीची फाइल सिस्टीम कर्नेलच्या बाहेर राहिलेली असते. पहिल्या बिघाडात ड्रायव्हर शोधायचा, दुसऱ्यात फाइल सिस्टीम. ओळ तीच, उपाय अगदी वेगळे.

कर्नेल कॉन्फिगरेशन अवघड वाटतं ते त्यातल्या पर्यायांच्या संख्येमुळे. लिनक्सचा सोर्स तीन कोटी ओळींच्या पुढे गेलाय आणि त्यातले पर्याय दहा हजारांहून कितीतरी जास्त आहेत. एकेक वाचून ठरवायचं म्हटलं तर महिने जातील. पण नव्या बोर्डावर पहिल्या दिवशी एकाच प्रश्नाचं उत्तर हवं असतं: वीज दिल्यापासून रूट फाइल सिस्टीम माउंट होईपर्यंत कर्नेलला काय काय लागतं? तेवढी वाट मोकळी झाली की बोर्ड उठतो. बाकीचं सगळं त्यानंतर निवांत करता येतं.

वाटेवरच्या थांब्यांची ओळख आधी करून घेऊ. चिपच्या आत कोरलेला बूट रॉम सगळ्यात आधी चालतो. तो कार्डावरून किंवा फ्लॅशवरून छोटा पहिला लोडर उचलतो, तो लोडर मुख्य मेमरी चालू करतो आणि यू-बूटसारखा मोठा बूटलोडर आणतो. बूटलोडर दोन फाइली मेमरीत ठेवतो, एक कर्नेलची इमेज आणि दुसरी डिव्हाइस ट्रीची, म्हणजे बोर्डावरच्या हार्डवेअरच्या वर्णनाची. सोबत कर्नेलला एक ओळ देतो, तिला बूट आर्ग्युमेंट्स म्हणतात. रूट कुठे आहे आणि संदेश छापायचं कन्सोल कोणतं, हे त्या ओळीत असतं. मग ‘स्टार्टिंग कर्नेल’ असं छापून तो बाजूला होतो. इथून पुढे आपलं कॉन्फिगरेशन.

हे कॉन्फिगरेशन म्हणजे सोर्सच्या मुळाशी असलेली ‘डॉट कॉन्फिग’ नावाची साधी मजकूर फाइल. तिच्यात एकेक पर्याय आणि त्याचं उत्तर असतं. बहुतेक पर्यायांना उत्तरं तीनच. ‘वाय’ म्हणजे कर्नेलच्या इमेजमध्येच बसवा. ‘एम’ म्हणजे वेगळं मॉड्यूल बनवा, लागेल तेव्हा चढवू. नको असलेला पर्याय मात्र ‘इज नॉट सेट’ अशा, समोर हॅश चिन्ह असलेल्या ओळीने लिहिला जातो. ती ओळ टिपणीसारखी दिसते, पण तिला अर्थ असतो आणि कॉन्फिगरेशनचं टूल ती वाचतं. टिपण्या साफ करतोय असं समजून त्या ओळी कुणी पुसल्या, तर ते पर्याय ‘अजून विचारलेलेच नाहीत’ असे धरले जातात आणि त्यातले काही मुलभूत (डीफॉल्ट) मूल्याने पुन्हा चालू होतात.

वाय आणि एम यांतला फरक साध्या संगणकावर फारसा जाणवत नाही. बोर्डावर तोच सगळ्यात महत्त्वाचा. मॉड्यूल ही फाइल असते, ती रूट फाइल सिस्टीमवर ‘लिब’मधल्या ‘मॉड्यूल्स’ फोल्डरमध्ये राहते. म्हणजे रूट माउंट होईपर्यंत कर्नेलला एकही मॉड्यूल मिळत नाही. कार्ड वाचणारा ड्रायव्हर मॉड्यूल केला, तर तो मिळवण्यासाठी कार्ड वाचावं लागेल आणि कार्ड वाचण्यासाठी तो लागेल. कपाटाची किल्ली कपाटातच ठेवून दार ओढून घेतल्यासारखं. म्हणून नियम असा धरायचा की रूटपर्यंतच्या वाटेवर जे जे लागतं ते वाय, आणि त्यानंतर लागणारं एम चालेल. एक पळवाट आहे. इनिटरॅमएफएस नावाची छोटी फाइल सिस्टीम बूटलोडर कर्नेलबरोबरच मेमरीत ठेवू शकतो आणि सुरुवातीची मॉड्यूल्स तिच्यात ठेवता येतात. मोठी डिस्ट्रिब्युशन्स हेच करतात, कारण त्यांची एकच इमेज शेकडो यंत्रांवर चालवायची असते. तुमच्या हातात एकच ओळखीचा बोर्ड असेल तर मला तरी वाय केलेला सरळ कर्नेलच जास्त भरवशाचा वाटतो.

आता सुरुवात कुठून करायची? कोऱ्या पाटीवरून नाहीच. सोर्समध्ये प्रत्येक आर्किटेक्चरच्या, म्हणजे प्रोसेसरच्या प्रकाराच्या, ‘कॉन्फिग्ज’ फोल्डरमध्ये तयार डेफकॉन्फिग फाइली (सुरुवातीची कॉन्फिगरेशन्स) असतात. ३२ बिटी एआरएमव्ही७ बोर्डांसाठी ‘मल्टी_व्ही७_डेफकॉन्फिग’ ही एकच फाइल पुष्कळ चिपना चालते, आणि ६४ बिटी एआरएमला नुसता ‘डेफकॉन्फिग’ पुरतो. त्या मुद्दाम अघळपघळ ठेवलेल्या असतात. इमेज मोठी होते, पण बोर्ड उठण्याची शक्यताही मोठी. चिपच्या उत्पादकाने स्वतःचा सोर्स आणि डेफकॉन्फिग दिला असेल तर पहिल्यांदा तोही घ्यायला हरकत नाही. एकदा बोर्ड उठताना पाहिलेला असला की पुढचा प्रत्येक बिघाड आपण केलेल्या बदलामुळेच झाला हे कळतं, आणि शोध फार सोपा होतो. चालणारा कर्नेल हातात असेल तर त्याचं कॉन्फिगरेशन चालू कर्नेलची माहिती दाखवणाऱ्या ‘प्रॉक’ फोल्डरखालच्या ‘कॉन्फिग डॉट जीझेड’मध्ये मिळू शकतं. तो पर्याय बांधणाऱ्याने चालू ठेवलेला असला पाहिजे. तुमच्या प्रत्येक बिल्डमध्ये तो चालू ठेवा. काही किलोबाइटचा खर्च आहे आणि वर्षभराने तोच उपयोगी पडतो.

डेफकॉन्फिग लावताना दोन गोष्टी प्रत्येक वेळी सांगाव्या लागतात, आर्किटेक्चर कोणतं आणि क्रॉस कंपायलर (एका प्रोसेसरवर चालून दुसऱ्यासाठी कोड बनवणारा) कोणता. कंपायलरच्या नावाचा पुढचा भाग दिला जातो आणि त्याच्या शेवटी आडवी रेघ असते. ती विसरली की कंपायलर सापडत नाही. आर्किटेक्चर सांगायचं विसरलं तर त्याहून वाईट होतं. मेन्यू उघडतो, सगळं ठीक दिसतं, पण तो आपल्या डेस्कवरच्या संगणकाच्या प्रोसेसरचा मेन्यू असतो. सेव्ह केलं की डॉट कॉन्फिग त्या प्रोसेसरसाठी पुन्हा लिहिली जाते आणि एआरएमचे सगळे पर्याय गेले. २०१८ मधल्या ४.१८ आवृत्तीपासून कॉन्फिगरेशनचं टूल कंपायलरची क्षमताही तपासतं, त्यामुळे क्रॉस कंपायलरचं नाव मेन्यू उघडतानाही द्यायला हवं. टर्मिनल उघडल्या उघडल्या ही दोन्ही मूल्यं एक्सपोर्ट करून टाकायची, म्हणजे झालं.

मेन्यू म्हणजे ‘मेक मेन्यूकॉन्फिग’. त्यामागे केकॉन्फिग नावाची छोटी भाषा आहे. ती रोमन झिप्पेल यांनी लिहिली आणि २००२ मध्ये २.५.४५ आवृत्तीत आली. प्रत्येक ड्रायव्हरच्या फोल्डरमध्ये ‘केकॉन्फिग’ नावाची फाइल असते आणि तिच्यात पर्यायाचं नाव, माहिती आणि त्याच्या अटी लिहिलेल्या असतात. ‘डिपेंड्स ऑन’ म्हणजे अमुक चालू असेल तरच मला दाखवा. ‘सिलेक्ट’ म्हणजे मला घेतलंत तर त्यालाही ओढून आणा. यातला पहिला शब्द नवख्यांना सगळ्यात जास्त छळतो. मेन्यूत पर्याय सापडतच नाही तेव्हा तो नसतो असं नाही, त्याची अट पुरी झालेली नसते. मेन्यूत असताना तिरपी रेघ दाबायची आणि नाव टाकायचं. पर्याय कुठे आहे, त्याची अट काय आणि त्यातलं काय बंद आहे, हे सगळं एका पानावर दिसतं. आय२सी ही छोट्या चिप जोडणारी बस बंद असेल तर आय२सीवरचे पन्नास ड्रायव्हर शोधून सापडणार नाहीत.

याच कारणाने डॉट कॉन्फिग हाताने संपादित करणं धोक्याचं. तुम्ही एक ओळ जोडता, सेव्ह करता आणि बिल्ड लावता. बिल्ड सुरू होताना टूल फाइल पुन्हा तपासतं, त्या पर्यायाची अट पुरी नसल्याचं त्याला दिसतं आणि ते ती ओळ चुपचाप काढून टाकतं. इशारा नाही, चूक नाही. बदल केल्यावर ‘मेक ओल्डडेफकॉन्फिग’ चालवायचं आणि मग आपला पर्याय फाइलमध्ये खरोखर उरलाय का ते ग्रेप करून (मजकूर शोधणाऱ्या आज्ञेने) बघायचं, ही सवय लावून घेतलेली बरी.

इतकं झालं तरी मूळ प्रश्न उरतो: वाटेवर काय काय लागतं हे कळणार कसं? बोर्डावरच्या चिप तर डोळ्यांना सारख्याच काळ्या दिसतात. उत्तर डिव्हाइस ट्रीमध्ये आहे, आणि माझ्या मते या सगळ्या विषयात खरं शिकण्यासारखं काही असेल तर ते हेच.

पूर्वी एआरएमच्या प्रत्येक बोर्डासाठी कर्नेलमध्ये सी भाषेतली वेगळी फाइल असायची. कोणत्या पत्त्यावर कोणतं साधन आहे ते तिथे लिहिलेलं असे. बोर्ड वाढले तसा हा पसारा हाताबाहेर गेला आणि २०११ मध्ये लिनक्सचे जनक लिनस टोरवाल्ड्स यांनी मेलिंग लिस्टवर त्याबद्दल सडकून टीका केली. त्यानंतर एआरएमने पॉवरपीसी प्रोसेसरच्या जगात आधीपासून वापरात असलेली डिव्हाइस ट्रीची पद्धत घ्यायचा वेग वाढवला. डिसेंबर २०१२ मधल्या ३.७ आवृत्तीत एकच एआरएम कर्नेल अनेक उत्पादकांच्या चिपवर चालवण्याची सोय आली. हार्डवेअरचं वर्णन कर्नेलच्या बाहेर एका वेगळ्या फाइलमध्ये गेलं. म्हणून आज कामाचे दोन भाग झालेत. कॉन्फिगरेशन सांगतं की कर्नेलला काय काय येतं, आणि डिव्हाइस ट्री सांगते की बोर्डावर काय काय आहे. दोन्ही जुळलं तरच साधन चालतं. ड्रायव्हर वाय केलाय पण ट्रीमध्ये नोंद नाही, तर ड्रायव्हर नुसता बसून राहतो. नोंद आहे पण ड्रायव्हर नाही, तर नोंद कुणी वाचत नाही. (एक सूचना: २०२३ मधल्या ६.५ आवृत्तीत ३२ बिटी एआरएमच्या ट्री फाइली उत्पादकांच्या नावाने वेगवेगळ्या फोल्डरमध्ये हलवल्या आहेत. जुन्या लेखातला रस्ता चालत नसेल तर एक पायरी खाली उतरून बघा.)

आता आपल्या बोर्डाची ट्री उघडा आणि एसडी कार्डाच्या कंट्रोलरची नोंद शोधा. नोंदीत ‘कंपॅटिबल’ असा गुणधर्म असतो, त्यात उत्पादकाचं नाव, स्वल्पविराम आणि चिपचं नाव. ती स्ट्रिंग जशीच्या तशी उचलायची आणि कर्नेलच्या ‘ड्रायव्हर्स’ फोल्डरमध्ये ग्रेप करायची. ज्या सी फाइलमध्ये ती सापडते तो आपला ड्रायव्हर. मग त्याच फोल्डरमधली मेकफाइल (काय बांधायचं ते सांगणारी फाइल) उघडायची. तिथे त्या फाइलच्या नावाची ओळ असते आणि तिच्यात ‘कॉन्फिग’ने सुरू होणारं एक नाव. तेच नाव मेन्यूत शोधायचं. कंपॅटिबल, सी फाइल, मेकफाइल, पर्याय. ही साखळी एकदा हाताने करून पाहिली की अंदाजाने पर्याय चालू करायची गरजच संपते.

पण इथे थांबायचं नाही. त्याच नोंदीत इतर नोंदींकडे बोट दाखवणारे गुणधर्म असतात. ‘क्लॉक्स’ सांगतं की घड्याळाचे ठोके कुठून येतात. ‘पिनकंट्रोल’ सांगतं की चिपच्या कोणत्या पिना या कामाला लावायच्या. ‘व्हीएमएमसी-सप्लाय’ सांगतं की कार्डाला वीज कुठून मिळते. यातल्या प्रत्येकाचा पुन्हा एक ड्रायव्हर आहे आणि तोही वाटेवरचाच आहे.

हे मी एका बोर्डावर दोन दिवस घालवून शिकलो. एमएमसीचा कंट्रोलर वाय, ब्लॉक ड्रायव्हर वाय, ईएक्सटी४ वाय. बूट आर्ग्युमेंट्समध्ये ‘रूटवेट’ होतं, म्हणजे रूटचं साधन येईपर्यंत थांब अशी आज्ञा. त्यामुळे पॅनिकही होत नव्हतं. ‘वेटिंग फॉर रूट डिव्हाइस’ ही ओळ छापून कर्नेल तसाच उभा. मी कार्ड बदललं, केबल बदलली, जुना कर्नेल लावून पाहिला तर तो उठायचा. शेवटी कार्डाची नोंद पुन्हा वाचली आणि व्हीएमएमसी-सप्लायच्या मागे गेलो. ते बोट एका रेग्युलेटरकडे (ठरावीक व्होल्टेज देणाऱ्या भागाकडे) होतं, तो रेग्युलेटर वीज सांभाळणाऱ्या पीएमआयसी चिपच्या आत होता आणि ती चिप आय२सी बसवर बसलेली होती. आय२सीचा ड्रायव्हर वाय होता. पीएमआयसीचा रेग्युलेटर ड्रायव्हर मात्र एम होता, कारण इमेज लहान करताना मीच तो हलवला होता. कर्नेल नियमाप्रमाणे वागत होता. एमएमसीने वीज मागितली, देणारा हजर नव्हता, म्हणून त्याला ‘नंतर पुन्हा प्रयत्न कर’ असं सांगितलं गेलं. ही डिफर्ड प्रोब म्हणून ओळखली जाणारी रीत चुकीची नाहीच, उलट तिच्यामुळेच ड्रायव्हर कोणत्याही क्रमाने आले तरी चालतं. फक्त देणारा कार्डावरच अडकलेला असेल तर ते ‘नंतर’ कधीच येत नाही. एक अक्षर बदललं, एमचं वाय केलं, आणि बोर्ड उठला. त्या दिवसापासून मी कोणताही ड्रायव्हर एम करण्याआधी ट्रीमध्ये त्याच्याकडे कोण बोट दाखवतंय ते बघतो.

उलट बाजूचं एक उदाहरणही लक्षात ठेवण्यासारखं. वायफायचा ड्रायव्हर वाय केला की अनेकदा तो चालत नाही आणि एम केला की चालतो. वायफाय चिपना आपली फर्मवेअर फाइल (चिपच्या आत चालणारा कोड) लागते, ती रूट फाइल सिस्टीमवर असते. वाय केलेला ड्रायव्हर रूट माउंट होण्याआधीच जागा होतो, फाइल मागतो, ती मिळत नाही आणि तो हार मानतो. लॉगमध्ये वजा २ हा आकडा दिसतो, म्हणजे फाइल सापडली नाही. हवं तर फर्मवेअर कर्नेलच्या इमेजमध्ये भरता येतं, पण वायफाय रूटच्या वाटेवर नाही, तर त्याला एम ठेवणंच सरळ.

‘स्टार्टिंग कर्नेल’नंतर एकही ओळ येत नाही, हा तिसरा प्रकार. याला लोक सगळ्यात जास्त घाबरतात, पण यात कर्नेल बरेचदा व्यवस्थित चालू असतो, फक्त आपल्याशी बोलत नाही. सिरीयल पोर्टचा ड्रायव्हर आहे पण त्याच्यावर कन्सोल चालवण्याचा वेगळा पर्याय बंद राहिलाय, किंवा बूट आर्ग्युमेंट्समधलं पोर्टाचं नाव चुकलंय. बीगलबोन ब्लॅकसारख्या टीआयच्या (टेक्सस इन्स्ट्रुमेंट्सच्या) चिप असलेल्या बोर्डांवर एकाच पोर्टाचं नाव ड्रायव्हरप्रमाणे बदलतं, जुन्या ओमॅप ड्रायव्हरखाली ‘टीटीवायओ०’ आणि ८२५० ड्रायव्हरखाली ‘टीटीवायएस०’. कॉन्फिगरेशन बदललं आणि आर्ग्युमेंट तेच ठेवलं की पडदा कोरा. अशा वेळी बूट आर्ग्युमेंट्समध्ये ‘अर्लीकॉन’ जोडायचं. ते पूर्ण ड्रायव्हर जागा होण्याच्या फार आधी बोलायला लागतं, आणि ट्रीमध्ये कन्सोलचा पोर्ट नोंदवलेला असेल तर वेगळा पत्ताही द्यावा लागत नाही. तरीही शांतता असेल तर मात्र चुकीची ट्री, चुकीच्या आर्किटेक्चरची इमेज किंवा मेमरीत एकमेकांवर चढलेल्या फाइली, असा संशय घ्यायचा.

बोर्ड उठला, लॉगिन आलं. आता छाटणी. ती आधी केली तर वरच्यासारखे दिवस वाया जातात, म्हणून क्रम पाळा. बोर्डावर नसलेल्या चिपकुटुंबांपासून सुरुवात करायची, कारण एक अख्खं कुटुंब बंद केलं की त्याच्या अटीवर असलेले शेकडो ड्रायव्हर आपोआप जातात. मग न लागणारे नेटवर्क कार्ड, साउंड, फाइल सिस्टीम. एका वेळी एकच गट काढायचा, बांधायचं, बोर्डावर चालवायचं. इमेजचं कॉम्प्रेशन हा वेगळा निर्णय आहे. एक्सझेड सगळ्यात लहान करतं पण उलगडायला वेळ घेतं, एलझेड४ मोठं ठेवतं पण झटकन उलगडतं. फ्लॅश लहान असेल तर पहिलं, लवकर सुरू व्हायचं असेल तर दुसरं.

मॉड्यूल्स बसवताना इमेजची आवृत्ती आणि ‘लिब’मधल्या फोल्डरचं नाव अक्षरशः एकच असावं लागतं. कर्नेल नवा टाकला आणि मॉड्यूल्स जुनीच राहिली, तर एकही चढत नाही. म्हणून कर्नेल, ट्री आणि मॉड्यूल्स या तिन्ही गोष्टी एकाच बिल्डमधून, एकाच वेळी बोर्डावर न्यायच्या.

शेवटी हे सगळं जपून कसं ठेवायचं ते. हजारो ओळींची डॉट कॉन्फिग गिटमध्ये (बदलांचा इतिहास ठेवणाऱ्या टूलमध्ये) टाकली तर आवृत्ती बदलताच फरक वाचता येत नाही. ‘मेक सेव्हडेफकॉन्फिग’ चालवलं की मुलभूत मूल्यांपेक्षा वेगळ्या असलेल्या ओळीच उरतात. तीच फाइल गिटमध्ये ठेवा आणि प्रत्येक कमिटमध्ये कारण लिहा. ‘पीएमआयसी रेग्युलेटर वाय: एसडी कार्डाची वीज याच्यावर आहे’ अशी एक ओळ पुरते. सहा महिन्यांनी कुणीतरी इमेज लहान करायला बसेल, कदाचित तुम्हीच, आणि त्याचा हात त्या पर्यायावर जाईल.